येत नाही आणि अजून येत नाही

जूनच्या मध्यावर राज्यातल्या बहुतेक शाळा पुन्हा उघडतात. नवी दप्तरे, वह्यांची खाकी कव्हरे, पहिल्या पावसात भिजलेले गणवेश. या दिवसांत घरी आलेला प्रत्येक पाहुणा मुलांना दोन प्रश्न हमखास विचारतो. मागच्या वर्षी किती टक्के पडले? यंदा कितवा नंबर काढणार? तिसरा एक प्रश्न मात्र मी फारसा कुठे ऐकलेला नाही. एखादी गोष्ट जमली नाही, तर तू काय करतोस?

माझ्या मते पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. टक्के पुढच्या वर्षी बदलतात, नंबरही बदलतो. न जमलेल्या गोष्टीसमोर उभे राहण्याची सवय मात्र एकदा लागली की ती दहावीत, नोकरीच्या मुलाखतीत आणि संसारातही सोबत येते.

आपले वाचक बहुतेक विशी-पस्तिशीतले आहेत. काहींची मुले यंदा बालवाडीत किंवा पहिलीत जातील. ज्यांचे लग्न व्हायचे आहे तेही कोणाचे तरी मामू, चाचू, खाला किंवा फुफी आहेत. कित्येक जण संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलांची शिकवणी घेतात. लहान मुले अम्मी-अब्बूंचे ऐकतात, आणि आपा-भाईजान काय करतात ते बघून ठेवतात. म्हणून हा विषय फक्त आई-वडिलांचा आहे असे समजून पान उलटू नका.

विषय गंभीर का आहे, तेही सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक मृत्यूमागची कहाणी वेगळी असते. सगळे मृत्यू एकाच कारणाच्या खात्यावर टाकता येत नाहीत, आणि गेलेल्या मुलाला ‘मनाने कमकुवत’ म्हणणे तर क्रूरपणाच आहे. पण आपण मुलांना जिंकायचे कसे हे दहा प्रकारे शिकवतो आणि हरल्यावर काय करायचे हे एकाही प्रकारे शिकवत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

सकारात्मक म्हणजे नेमके काय?

‘सकारात्मक दृष्टिकोन’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. सकाळी व्हॉट्सअॅपवर सूर्योदयाच्या चित्राखाली तो येतो, दुपारी एखाद्या प्रेरणादायी वक्त्याच्या व्हिडिओत येतो. त्याचा अर्थ साधारणपणे असा लावला जातो की नेहमी हसत राहा, वाईट बोलू नका, सगळे छान होईल. मोठ्यांना ही गोळी थोडा वेळ लागू पडत असेलही. लहान मुलाला ती चालत नाही, कारण लहान मूल वस्तुस्थिती बघते. मनोरा पडला आहे, चित्र फाटले आहे, वर्गात सगळ्यांना पाढा येतो आणि मला येत नाही. त्याला ‘काही झालं नाही’ म्हणून सांगणे म्हणजे त्याला खोटे पाडणे आहे.

लहान मुलाच्या बाबतीत मी सकारात्मकतेचा अर्थ तीन वाक्यांत सांगेन. हे मला अजून येत नाही. दुसऱ्या रीतीने करून बघतो. नाहीच जमले तर कोणाला तरी विचारतो. जे मूल ही तीन वाक्ये स्वतःशी बोलू शकते, ते रडले तरी सकारात्मक आहे, चिडले तरी सकारात्मक आहे. रडणे हा त्यातला अडथळा नाही. रडून झाल्यावर ते पुन्हा ठोकळ्यांकडे वळते का, एवढेच बघायचे.

आपल्या घरांत मुले दखनी ढंगात म्हणतात, ‘मेरेकू नै आता.’ त्यावर घरातल्या कोणीतरी शांतपणे एकच शब्द जोडायचा: ‘अभी नै आता.’ मराठीत ‘अजून’. हा शब्द फुकट आहे आणि रोज दहा वेळा वापरता येतो.

‘किती हुशार आहेस’ याची किंमत

या विषयावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. त्यातला एक प्रयोग इंजिनिअर म्हणून मला विशेष आवडतो, कारण त्यात बदललेले होते फक्त एक वाक्य. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकी संशोधकांनी पाचवीच्या वयाच्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. पहिली कोडी बेताची होती, मुलांनी ती नीट सोडवली. मग काही मुलांना सांगितले गेले, ‘तू यात हुशार दिसतोस.’ काहींना सांगितले गेले, ‘तू खूप मेहनत घेतलेली दिसते.’ बाकी सगळे सारखे.

पुढे काय झाले पाहा. हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पुढच्या वेळी सोपे काम मागितले, म्हणजे हुशारीला धक्का लागू नये. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी काहीतरी शिकायला मिळेल असे काम मागितले. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली गेली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच बेताची कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि ‘मेहनती’ मुलांची सुधारली. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट शेवटी आहे. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना कळवायला सांगितले, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेल्या गटातल्या जवळपास चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. ही मुले स्वभावाने खोटारडी नव्हती. हुशार दिसणे हीच त्यांची ओळख करून टाकल्यावर ती टिकवायला दुसरा मार्ग त्यांना सुचला नाही.

आपल्याकडे ही शाबासकी प्रेमाने दिली जाते. ‘माशाअल्लाह, किती दिमाग आहे पोराला!’ त्यात नियत वाईट नसते. पण मूल त्यातून शिकते की दिमाग असतो किंवा नसतो, आणि अवघड गणित आले की तो नसल्याचे उघडे पडेल. त्याऐवजी जे दिसले ते सांगावे. ‘तू तीन वेळा पुसून पुन्हा लिहिलंस, आता अक्षर रेषेवर बसलं.’ अशी शाबासकी किती लहानपणापासून उपयोगी पडते, यावरही काम झाले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३ मुलांच्या घरातली बोलणी, मुले एक ते तीन वर्षांची असताना नोंदवली गेली. ज्या घरांत केलेल्या प्रयत्नाबद्दल कौतुक होत होते, त्या घरांतली मुले सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाकडे जास्त ओढीने बघत होती.

तरीही या कल्पनेला जादूची कांडी समजू नये. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यातून त्यांना ‘बुद्धी वाढू शकते’ हे समजावले होते. मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण थोडेच, चार गुणांच्या त्यांच्या मोजपट्टीवर साधारण ०.१. आणि ज्या शाळांतली इतर मुलेही अवघड काम अंगावर घेत होती, तिथे फरक जास्त पडला. मला यातून जो अर्थ दिसतो तो असा. दृष्टिकोन हे बी आहे. जमीन घराने, वर्गाने आणि मोहल्ल्याने द्यायची असते. ती न देता मुलाला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणे हे कातळावर पेरण्यासारखे आहे.

चुकीकडे बघण्याची इंजिनिअरची रीत

माझा व्यवसाय सॉफ्टवेअर लिहिण्याचा. बाहेरच्यांना वाटते की आम्ही दिवसभर कोड लिहितो. खरे तर दिवसाचा मोठा भाग लिहिलेले का चालत नाही हे शोधण्यात जातो. पहिल्याच फटक्यात चाललेल्या प्रोग्रॅमकडे अनुभवी माणूस संशयाने बघतो. चूक सापडली की कोणी मान खाली घालत नाही. संदेश वाचायचा, कुठल्या ओळीवर अडले ते बघायचे, एक गोष्ट बदलायची, पुन्हा चालवायचे. मोठी गडबड झाली, सर्व्हर बंद पडला, तर नंतर बैठक होते. चांगल्या टीममध्ये त्या बैठकीचा एक नियम असतो. ‘कोणी केले’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘काय घडले, कशामुळे घडले, पुन्हा घडू नये म्हणून काय करायचे’ हे विचारायचे. कारण माणसाला घाबरवले की तो माहिती लपवतो, आणि माहिती लपली की गडबड पुन्हा होते.

ही रीत लहान मुलांच्या शिक्षणात आणायचा विचार सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने केला होता. १९६७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात मुले एका कासवाला आज्ञा देऊन रेषा काढतात. चौकोन काढायला गेलेल्या मुलाचे कासव भलतीकडेच वळते. मग मूल आपल्या आज्ञा तपासते, वळणाचा कोन बदलते, पुन्हा चालवते. पॅपर्ट यांचे म्हणणे असे होते की शाळेत मूल ‘बरोबर की चूक’ एवढाच विचार करायला शिकते, तर इथे ते ‘दुरुस्त कसे करता येईल’ हा विचार करायला शिकते. चूक ही लपवायची वस्तू राहत नाही, अभ्यासायची वस्तू होते.

यासाठी घरात संगणक असलाच पाहिजे असे नाही. संगणक येण्याच्या कितीतरी आधी मारिया माँटेसरी यांनी हेच लाकडात करून दाखवले होते. एका ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे लहानमोठे दहा दंडगोल. एक जरी चुकीच्या जागी गेला तरी शेवटी एक दंडगोल उरतो आणि त्याला बसायला जागा नसते. मूल स्वतःच ओळखते की काहीतरी चुकले. ‘चुकलास’ असे बाईंना म्हणावे लागत नाही. चूक वस्तूने दाखवली की मूल वस्तूशी झगडते. माणसाने ओरडून दाखवली की मूल त्या माणसाला घाबरते.

मोबाइलवरच्या खेळात हेच मूल पन्नास वेळा हरते आणि एक्कावन्नाव्यांदा खेळते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिथे त्याची चिकाटी कुठून येते? हरल्यावर कोणी हसत नाही, कोणी शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही, आणि पुन्हा सुरुवात करायला एक सेकंद लागतो. वहीत चूक झाली तर लाल शाई, अब्बूंचा चढलेला आवाज आणि चाचूच्या मुलाचे उदाहरण. तेव्हा मुलांत चिकाटी नाही ही आपली तक्रार मला पटत नाही. चिकाटी आहे. चुकण्याची किंमत आपण महाग करून ठेवली आहे.

‘माझी पुस्तक’

आता आपल्या घरांतल्या एका खास अडचणीबद्दल. मराठवाडा, सोलापूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या बऱ्याच मुस्लिम घरांत मुले दखनी किंवा उर्दू बोलत मोठी होतात आणि सहाव्या वर्षी मराठी शाळेत बसतात. पहिल्या महिन्यातच ती ‘माझी पुस्तक’ म्हणतात, ‘माझा घर’ म्हणतात. वर्ग हसतो. ‘शाळा’चे ‘शाला’ होते. ‘मी केळी खाल्ली’ ऐवजी ‘मी केली खाल्ली’ म्हटले की मागच्या बाकापर्यंत हशा पोहोचतो. असे चार वेळा झाले की मूल एक सोपा उपाय शोधते: हात वर करायचाच नाही. आणि वर्षअखेरीस शेरा येतो, ‘अबोल आहे.’

या चुकीकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू या. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘मेरी किताब’ म्हणणारे मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते, ‘मेरा घर’ म्हणणारे ‘माझा घर’ म्हणते. म्हणजे ते नियम लावत आहे, आणि अगदी काटेकोरपणे लावत आहे. त्याच्याकडे नपुंसकलिंगाचा तिसरा कप्पा नाही, एवढेच. ळ आणि ण हे आवाज त्याच्या जिभेला सवयीचे नाहीत, एवढेच. हे त्याला सहा वर्षांच्या वयात समजेल अशा शब्दांत सांगता येते. ‘आपल्या बोलीत दोन डबे आहेत, मराठीत तीन. तिसऱ्या डब्यात काय काय जातं ते आपण शोधू या. पुस्तक, घर, झाड, फूल...’ लाज होती तिथे खेळ सुरू होतो. आणि त्याला हेही सांगावे की ज्यांनी तुला हसले त्यांच्याकडे एकच भाषा आहे, तू दुसरी शिकतो आहेस.

हे काम आपल्यातला कोणीही करू शकतो. मराठीतून शिकून पुढे गेलेली आपली एक अख्खी पिढी आहे, आणि या वाटेवरचे खड्डे आपल्याला पाठ आहेत. बारावीपर्यंत मराठी वाचणारी आपा रोज वीस मिनिटे पहिलीतल्या भाच्याला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवेल, तर वर्षभरात तो हात वर करायला लागेल.

आव्हान कोणते आणि अन्याय कोणता

इथे मला एक रेघ ठळक ओढायची आहे, कारण सकारात्मकतेच्या नावाखाली तीच पुसली जाते. मुलापुढे येणारी प्रत्येक अडचण त्याने सोसून मोठे व्हावे अशी नसते. मी अडचणींचे तीन ढीग करतो.

पहिल्या ढिगात मुलाने स्वतः सोडवायच्या गोष्टी. बुटाची नाडी, न जुळणारे कोडे, मित्राशी झालेले भांडण, खेळात आलेली हार. इथे मोठ्यांनी हात मागे ठेवावा. नाडी बांधायला सात मिनिटे लागली तर लागू द्यावीत.

दुसऱ्या ढिगात मदतीने सोडवायच्या गोष्टी. नवी भाषा, भागाकार, वर्गासमोर बोलण्याची भीती. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी दाखवून दिले की मुलाला एकट्याने जे जमते आणि जाणत्याच्या मदतीने जे जमते, यांच्यामध्ये एक पट्टा असतो आणि शिकणे त्या पट्ट्यात घडते. मदत एवढीच करायची की पुढचे पाऊल मुलाचे स्वतःचे असेल.

तिसऱ्या ढिगात अशा गोष्टी येतात ज्या सोडवणे ही मुलाची जबाबदारीच नाही. नावावरून किंवा डब्यावरून कोणी टोमणे मारतो, धर्मावरून चिडवतो, शिक्षक मारतात किंवा चारचौघांत अपमान करतात, शाळा इतकी दूर की रोज जाणे परवडत नाही. इथे मुलाला ‘दुर्लक्ष कर, पॉझिटिव्ह राहा’ सांगणे म्हणजे मोठ्यांनी आपले काम सहा वर्षांच्या खांद्यावर टाकणे. मुलाला सांगायचे ते वेगळे: ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता हे मी बघतो.’ आणि मग खरोखर बघायचे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी किती जणांच्या घरातून कोणी या समितीच्या बैठकीला जाते? चढ्या आवाजात भांडायला जाण्यापेक्षा शांतपणे, लेखी, तारीख टाकून दिलेला अर्ज जास्त काम करतो. आणि मूल हे सगळे बघत असते. अन्यायाला तोंड कसे द्यायचे याचा पहिला धडा त्याला तिथेच मिळतो.

सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातली एक-चतुर्थांश मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. या आकड्याचे उत्तर त्या मुलांच्या मनोवृत्तीत शोधणे हास्यास्पद ठरेल. याबाबतीत तारा मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे बघावे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ झालेली अंगणवाडीची कल्पना तिथली आहे. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली. ‘तुमच्यात जिद्द नाही’ असे भाषण या दोघींनी मुलांना दिले नाही. मोठ्यांनी हटवायचा अडथळा मोठ्यांनी हटवला आणि मग मुलांनी जे शिकायचे ते मुलांनी शिकले. अनुताई स्वतः तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. अडथळा हटला की माणूस कुठवर जातो, हे त्यांच्या आयुष्यातही दिसते.

मुले बघतात

२०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सव्वा वर्षाच्या बाळांसमोर एक मोठा माणूस डब्यातून खेळणे काढायला धडपडतो आणि शेवटी काढतो. दुसऱ्या बाळांसमोर तो ते सहज काढतो. मग बाळांना एक वाजणारे खेळणे दिले जाते, ज्याचे मोठे बटण दाबूनही काही होत नाही. धडपड पाहिलेल्या बाळांनी ते बटण जास्त वेळा दाबून बघितले. बोलता न येणारे बाळसुद्धा आपली धडपड टिपते, तर पाच वर्षांच्या मुलाला आपण काय काय दाखवत असू?

म्हणून घरात आपल्या अडचणी थोड्या मोठ्याने बोलाव्यात. पंखा दुरुस्त करताना ‘हा स्क्रू नाही निघत, दुसरा पाना घेऊन बघतो’ असे म्हणावे. अम्मीची बिर्याणी खालून लागली तर ‘आच जास्त झाली, पुढच्या वेळी तवा ठेवीन’ हे मुलांना ऐकू जावे. आपली भरती परीक्षा हुकली तर दार लावून बसण्यापेक्षा चार दिवसांनी पुन्हा पुस्तक उघडलेले धाकट्यांना दिसावे.

आणि मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुलगा झाडावर चढायला लागला की आपण ‘सांभाळून’ म्हणतो, मुलगी चढायला लागली की ‘उतर’ म्हणतो. गॅसची टाकी बदलायची असली की ‘तू राहू दे, भाई करेल.’ यात प्रेम असते, काळजीही असते. पण दहा वर्षे असे ऐकलेली मुलगी अवघड कामासमोर आपोआप बाजूला होते, आणि मग आपण म्हणतो की मुलींना आत्मविश्वास कमी.

घरात सुरुवात कुठून करावी? तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज एक काम द्यावे जे त्याला जेमतेम जमते: ग्लासात पाणी ओतणे, मटार सोलणे, चपला जोडीने लावणे. सांडले तर फडके त्याच्याच हातात द्यावे, चेहरा न बदलता. सहा-सात वर्षांच्या मुलाला जेवताना विचारावे, ‘आज काय अवघड गेलं? मग काय केलंस?’ आणि त्याच दस्तरख्वानवर मोठ्यांनीही आपले उत्तर द्यावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला असे काहीतरी शिकवावे ज्याला महिने लागतात: सायकल, पोहणे, शिवण, बुद्धिबळ, सुतारकाम. कोणते ते महत्त्वाचे नाही. पहिल्या आठवड्यातले आणि तिसऱ्या महिन्यातले अंतर त्याला स्वतःच्या हातांनी मोजता आले पाहिजे. बुद्धिबळात किंवा कॅरममध्ये मुलाशी मुद्दाम हरू नये. खेळून झाल्यावर मात्र कुठली चाल चुकली ते सोबत बसून बघावे.

हवाई बेटांपैकी काऊआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या संशोधिकेने अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, व्यसने अशा बऱ्याच अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात काही गोष्टी समान होत्या. त्यांतली एक ही, की त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठे माणूस होते जे त्यांच्यामागे ठाम उभे राहिले. ते आई-वडीलच असतील असे नाही. आजी असेल, शिक्षिका असेल, शेजारी असेल.

तर या जूनमध्ये माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरातले, गल्लीतले किंवा शिकवणीतले एक मूल निवडा, शक्यतो असे की ज्याला लोक ‘ढ’ किंवा ‘अबोल’ म्हणतात. वर्षभर आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्याच्यासोबत बसा. त्याला काय येते आणि काय अजून येत नाही, याची एक छोटी वही ठेवा. त्याच्या शाळेची पालकसभा असेल त्या दिवशी त्याच्या अम्मीसोबत जा. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती वही घेऊन आम्हाला लिहा. तुमचे अनुभव आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्ही विभागांत छापू. जे जमले नाही तेही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला तुमचा खड्डा चुकवता येईल.